‘नेहमीचे उपचार’ म्हणजे नेमके कुणाचे? दूरस्थ फुफ्फुस-उपचारांवरचे तीन पेपर वाचताना



सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांना हल्ली एक विषय फार खुणावतो: ‘अमुक आजाराच्या रुग्णांसाठी मोबाईलद्वारे घरबसल्या मदत’. विषय चांगला आहे, गरजही खरी आहे. पण लिटरेचर रिव्ह्यूत बहुतेक जण एकच वाक्य लिहून पुढे जातात: ‘परदेशातील अभ्यासांत ही पद्धत उपयुक्त ठरली आहे.’ किंवा याच्या नेमकं उलट: ‘या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.’ दोन्ही वाक्यांना संदर्भ सापडतात, म्हणून दोन्ही खपतात.

आज आपण फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजारावरचे, म्हणजे सीओपीडीवरचे, तीन गाजलेले अभ्यास वाचणार आहोत. मी डॉक्टर नाही, विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे कोणतं औषध घ्यावं हे इथे मिळणार नाही. पेपर कसा वाचावा एवढंच मिळेल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद निकालांचा नसतो. ज्यांना मशीन दिलं नाही त्या गटाला काय मिळत होतं, हे सांगणारा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. आणि आपण नेमका तोच वगळतो.

आधी आजार समजून घेऊ

सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होतात. सुरुवातीला चढ चढताना धाप लागते, नंतर अंघोळ करतानाही लागते. मधूनच आजार उसळतो: बेडका वाढतो, त्याचा रंग बदलतो, दम वाढतो. या उसळीत रुग्ण ॲडमिट होतो आणि प्रत्येक उसळीनंतर फुफ्फुस पूर्वीपेक्षा थोडं मागे राहतं. म्हणून सगळ्या दूरस्थ पद्धतींचा हेतू एकच असतो: उसळी लवकर ओळखायची आणि दवाखाना टाळायचा.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगात जेवढी निरोगी वर्षं वाया जातात, त्यातली ३२ टक्के एकट्या भारतात जातात. आणखी एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल: भारतात सीओपीडीच्या या नुकसानीपैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा आहे (चुलीचा धूर त्यातच आला) आणि २५.४ टक्के तंबाखूचा. आपल्याकडे हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये हेच मांडलं होतं: जगातल्या सीओपीडी रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं.

पेपर पहिला: स्कॉटलंडचा ‘नाही’

हिलरी पिनॉक आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये बीएमजेत आला. एडिनबराच्या परिसरातले २५६ रुग्ण, सगळे आदल्या वर्षात उसळीमुळे एकदा तरी ॲडमिट झालेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे १२८-१२८ असे दोन गट. एका गटाच्या घरी टचस्क्रीन आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन. रुग्णाने रोज लक्षणं भरायची, ती माहिती वैद्यकीय टीमकडे जायची, आकडे बिघडले की टीम संपर्क साधायची.

वर्षभराने बघितलं तर पहिल्यांदा ॲडमिट होईपर्यंतचा वेळ दोन्ही गटांत जवळपास सारखाच. हॅझार्ड रेशो ०.९८. मशीनवाल्या गटाचे सरासरी ॲडमिशन १.२, दुसऱ्याचे १.१. दवाखान्यातले दिवस ९.५ आणि ८.८. थोडक्यात, काही फरक दिसला नाही.

इथेच बरेच जण पेपर मिटतात. आपण थोडं मागे जाऊ. ज्यांना मशीन मिळालं नाही, त्यांना काय मिळत होतं? आजाराची माहिती देणारी पुस्तिका. उसळी आली तर काय करायचं याचा लेखी आराखडा. घरात आधीच ठेवलेला अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड गोळ्यांचा साठा. शिवाय त्या भागातली नेहमीची आरोग्यसेवा. हे सगळं दोन्ही गटांना होतं. म्हणजे प्रश्न ‘मदत विरुद्ध काहीच नाही’ असा नव्हता. प्रश्न होता ‘चांगली मदत अधिक मशीन, विरुद्ध चांगली मदत’.

या पेपरचं मोठेपण इथे आहे. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत मशीनबरोबर जास्तीच्या नर्स, जास्तीचे फोन, जास्तीचं लक्षही आलेलं असायचं. फायदा दिसला की श्रेय मशीनला. पिनॉक यांच्या टीमने सेवा दोन्हीकडे सारखी ठेवली, फक्त मशीन वेगळं काढून तपासलं आणि स्पष्ट लिहिलं: आधीच्या अभ्यासांतला फायदा मशीनचा नसून त्यामागे सुधारलेल्या सेवेचा असू शकतो.

आता त्याची मर्यादा. कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६६ ते १.४४ आहे. म्हणजे जोखीम एक तृतीयांशाने कमी होत असेल किंवा ४४ टक्क्यांनी वाढत असेल, या दोन्ही शक्यता हा अभ्यास फेटाळू शकत नाही. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सिनॉप्सिसमध्ये दुसरं लिहिलंत, तर व्हायव्हात कुणीतरी पकडणारच.

पेपर दुसरा: इंग्लंडचा गाजावाजा

‘होल सिस्टम डेमॉन्स्ट्रेटर’ हा इंग्लंडचा प्रचंड मोठा प्रयोग. मधुमेह, हृदयविकार आणि सीओपीडीचे मिळून ३,२३० रुग्ण, १७९ दवाखाने. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने प्राथमिक निकाल जाहीर केले: मृत्यूंमध्ये ४५ टक्के घट! त्यावर ३० लाख लोकांपर्यंत ही सेवा न्यायची मोहीमही ठरली.

सविस्तर पेपर २०१२ मध्ये बीएमजेत आला. त्यात आकडे असे: मशीन नसलेल्या गटात वर्षभरात ८.३ टक्के मृत्यू, मशीनवाल्या गटात ४.६ टक्के. गणित करा. फरक ३.७ टक्के अंकांचा आहे, आणि ८.३ च्या तुलनेत तो साधारण ४५ टक्के होतो. दोन्ही आकडे खरे. पण बातमीत एकच येतो. कोणता, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आणखी एक गोष्ट पेपरच्या लेखकांनी स्वतःच नोंदवली आहे. अभ्यास सुरू झाल्याझाल्या मशीन नसलेल्या गटाचे तातडीचे ॲडमिशन वाढले. मशीनवाल्या गटातली घट जेवढी दिसते, तिचा काही भाग समोरच्या गटातल्या या वाढीमुळे दिसत असू शकतो. धावण्याच्या शर्यतीत समोरचा अडखळला तरी तुम्ही जिंकता. पण त्यामुळे तुमचा वेग वाढला असं होत नाही.

पुढे २०१३ मध्ये याच प्रयोगाचे आणखी दोन पेपर आले. एकात रुग्णांच्या जीवनमानात बारा महिन्यांनी सुधारणा दिसली नाही. दुसऱ्यात हिशेब निघाला की पूर्ण निरोगी आयुष्याचं एक वर्ष मिळवायला साधारण ९२,००० पौंड लागतात. तिथली यंत्रणा तेव्हा सहसा ३०,००० पौंडांपर्यंतच परवडतं असं मानायची. तोवर मोहीम जाहीर होऊन वर्ष उलटलं होतं.

मी या पेपरवर टीका करत नाही, पेपर प्रामाणिक आहे. टीका घाईवर आहे. आणि तिन्ही आजार एकत्र मोजल्यामुळे सीओपीडीच्या रुग्णाला नेमकं काय मिळालं, हे मुख्य निकालातून कळत नाही. फुफ्फुसावरच्या सिनॉप्सिसमध्ये हा संदर्भ देताना हे लिहायलाच हवं.

पेपर तिसरा: व्यायाम स्क्रीनवरून

आता बाजू पालटते. सीओपीडीत ज्या गोष्टीचा फायदा नीट सिद्ध झालाय, ती म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन: देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र, आजाराची माहिती. अडचण अशी की त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा सेंटरला जावं लागतं, आणि आपल्याकडे अशी सेंटरं बोटांवर मोजण्याइतकी, तीही शहरांत.

जानेवारी २०२१ मध्ये कॉक्रेनचा एक आढावा आला: १५ अभ्यास, १,९०४ रुग्ण, जवळपास सगळे सीओपीडीचे. फोन, व्हिडिओ कॉल, वेबसाईट अशा मार्गांनी घरी दिलेलं रिहॅबिलिटेशन सेंटरइतकंच चांगलं आहे का? सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात सरासरी फरक ०.०६ मीटर, इंटरव्हल उणे १०.८२ ते अधिक १०.९४. सहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे फरक नाहीच. आणि इथे इंटरव्हलही अरुंद आहे, म्हणून हा ‘नाही’ स्कॉटलंडच्या ‘नाही’पेक्षा जास्त भक्कम. शिवाय घरच्या गटातल्या ९३ टक्के रुग्णांनी कार्यक्रम पूर्ण केला, सेंटरच्या गटात ७० टक्क्यांनी.

हे वाचून लगेच अ‍ॅप बनवायला बसू नका. लेस्टरमध्ये केवळ वेबसाईटवर आधारलेल्या कार्यक्रमाचा छोटा अभ्यास झाला होता, १०३ रुग्णांचा, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. त्यात वेबसाईटच्या गटातले ५७ टक्के लोक मध्येच गळाले, सेंटरच्या गटातले २३ टक्के. एकीकडे घर जिंकलं, दुसरीकडे घर हरलं. माझ्या वाचनात फरक इथे पडतो: स्क्रीनच्या पलीकडे ठरलेल्या वेळी वाट बघणारं माणूस आहे, की लॉगिन करून स्वतःच पुढे जायचंय? तंत्रज्ञान दोन्हीकडे आहे. माणूस दोन्हीकडे सारखा नाही.

जुलै २०२१ चा कॉक्रेनचा दुसरा आढावा (२९ अभ्यास, ५,६५४ रुग्ण) याच दिशेने जातो. नुसत्या घरबसल्या मोजमापाने फारसा फरक दिसत नाही. मोजमाप हा मोठ्या सेवेचा एक भाग असेल, तर पुन्हा ॲडमिट होणं कदाचित कमी होतं.

आम्हा कोयनानगरच्या लोकांना हे समजायला सोपं जावं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर आमचा परिसर जगातल्या सगळ्यात बारकाईने मोजल्या जाणाऱ्या भूकंपक्षेत्रांपैकी एक झाला. पुढे तर गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअरहोलही घेतलं. पण भूकंपमापक धक्का नोंदवतो, भिंत सावरत नाही. भिंत सावरते ती बांधकामामुळे. ऑक्सिजनचा आकडाही तसाच. त्यावर कुणी काही करणार असेल, तरच तो उपयोगाचा.

आता हेच पेपर कोयनानगरातून वाचा

मुद्दाम कोयनानगर घेतेय. पाटण तालुका, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कराडचे मोठे दवाखाने साधारण ५५-६० किलोमीटरवर. शिवसागराच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या काही गावांना तर वर्षानुवर्षं लाँचचाच आधार. अंतर पाहिलं तर दूरस्थ सेवेची गरज एडिनबरापेक्षा इथेच जास्त. पण म्हणून तिथला निकाल इथे चालेल का?

पहिला प्रश्न: रुग्ण कोण? त्या अभ्यासांतला ठरावीक रुग्ण आयुष्यभर सिगारेट ओढलेला आहे, त्याचं निदान झालेलं आहे. आपल्याकडची रुग्ण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली आजी असू शकते. तिची स्पायरोमेट्री कधी झालेलीच नसते. घरात सगळे म्हणतात, ‘दमा आहे तिला’. अस्थमा, सीओपीडी, कधी टीबीनंतरचं खराब झालेलं फुफ्फुस, सगळ्याला एकच शब्द: दमा. ज्याचं निदानच नाही, त्याचं मॉनिटरिंग कशाचं करणार?

दुसरा प्रश्न: फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. आणि बघा, हे आकडे १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे आहेत. आपली आजी या आकड्यांत मोजलेलीच नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘मोबाईलचा प्रसार मोठा आहे’ असं लिहिताना हे आठवा. फोन नातवाचा असतो आणि नातू दिवसभर बाहेर असतो.

तिसरा प्रश्न: मशीन खरं बोलतं का? न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २०२० साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात बोटावरचं मशीन ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात मात्र ऑक्सिजन धोक्याइतका कमी होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. सावळ्या त्वचेच्या आपल्या लोकांत मशीन कसं वागतं, हा स्वतंत्र आणि उत्तम संशोधनविषय आहे.

चौथा आणि सगळ्यात मोठा प्रश्न: इथले ‘नेहमीचे उपचार’ काय? लेखी आराखडा आहे? घरात गोळ्यांचा साठा आहे? पंप कसा ओढायचा हे कुणी समोर बसून दाखवलंय? बऱ्याचदा धाप वाढली की वाफ किंवा इंजेक्शन, जरा बरं वाटलं की औषध बंद, हेच आपले नेहमीचे उपचार. एडिनबरात मशीन भरलेल्या ताटात वाढलं गेलं. इथे ताटच रिकामं आहे. म्हणून तिथला ‘नाही’ इथे तसाच लागू होत नाही.

पण इथेच सापळा आहे

तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं. ताट रिकामं असेल तर इथे काहीही दिलं तरी फायदा दिसेल! अगदी बरोबर, आणि हाच सापळा. एका गटाला अ‍ॅप, ऑक्सिमीटर, दर आठवड्याला फोन आणि पंपाचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला काहीच नाही, तर फायदा जवळपास नक्की दिसेल. पेपर छापून येईल, डिग्रीही मिळेल. पण तो फायदा कशाचा, ते कळणार नाही. आणि उद्या कुणी तुमचा पेपर दाखवून गावोगाव मशीनं वाटली, प्रशिक्षण आणि फोन मात्र खर्चिक म्हणून गाळले, तर मशीनं वर्षभरात कपाटात जातील. पैसा एकदाच मिळतो. तो मशीनवर गेला की माणसावर जात नाही.

उपाय अवघड आहे, पण आहे: तीन गट. एकाला आजची सेवा, दुसऱ्याला माणसाची मदत (प्रशिक्षण, आराखडा, साधा फोन), तिसऱ्याला तीच मदत अधिक मशीन. सॅम्पल साइज वाढेल, गाईड नाराज होतील. शिवाय एकाच आशाताईकडे दोन्ही गटांचे रुग्ण आले तर ती एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगणारच, आणि तिने सांगावंच. म्हणून चिठ्ठ्या रुग्णांच्या नव्हे, उपकेंद्रांच्या टाका. इंग्लंडच्या प्रयोगातही दवाखान्यांच्याच टाकल्या होत्या.

आपल्याकडे काय आधीच आहे?

शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात धाप आणि खोकल्याबरोबर स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता हेही विचारलेलं असतं. म्हणजे धुराची नोंद कागदावर आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून रुग्णाला डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात. इथे स्क्रीन रुग्णाच्या हातात नसते, शेजारी बसलेल्या प्रशिक्षित माणसाच्या हातात असते. फोन नसलेल्या आजीसाठी अ‍ॅपपेक्षा ही रचना मला जास्त शहाणी वाटते. मात्र एकदा सल्ला मिळणं म्हणजे पाठपुरावा नव्हे. आणि आशाताईंना काम मोजून मोबदला मिळतो, तेव्हा हे जास्तीचं काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मेथडॉलॉजीतच यायला हवा, ‘भविष्यातील दिशा’ या शेवटच्या पानावर नव्हे.

संशोधनाचीही परंपरा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सीओपीडीवर बरंच काम केलंय. २०१७ पासून एडिनबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या ‘रेस्पायर’ या श्वसनविकार संशोधन गटात पुण्याचं केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर आहे, ज्याचं वढूच्या परिसरात वर्षानुवर्षं गावपातळीवर काम चालतं. स्कॉटलंडच्या ‘नाही’वाल्या हिलरी पिनॉकही याच गटात आहेत. म्हणजे मशीनवर शंका घेणाऱ्या बाईंनी दक्षिण आशियातलं काम सोडलं नाही, उलट इथेच हात घातला. शंका घेणं आणि काम करणं यांत विरोध नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा

१. प्रत्येक संदर्भातल्या कंट्रोल ग्रुपला काय मिळत होतं, हे मला दोन ओळींत सांगता येतं का?

२. माझ्या गावातल्या कंट्रोल ग्रुपला काय मिळतं, हे मी प्रत्यक्ष जाऊन बघितलंय का, की ‘नेहमीचे उपचार’ असं लिहून मोकळी झालेय किंवा झालोय?

३. टक्केवारी कशाच्या तुलनेत आहे? मूळ आकडा किती?

४. फरक दिसला नाही, तर इंटरव्हल किती रुंद आहे?

५. रात्री अकराला, भर पावसात, आकडा ८४ आला तर माझ्या अभ्यासात कोण काय करणार? १०८ ला फोन कोण लावणार, गाडी किती वेळात पोचणार? याचं उत्तर नसेल तर तो आकडा गोळा करण्याचा हक्क मला आहे का? एथिक्स कमिटीने विचारण्याची वाट बघू नका.

पाचवा प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटतो. आकडा दिसला आणि कुणीच आलं नाही, तर आपण त्या घराला मदत दिली नाही, फक्त भीती दिली.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या यादीतला सगळ्यात आवडता पेपर उघडा. ॲब्स्ट्रॅक्ट वाचू नका, निकालही नको. थेट मेथड्समध्ये जाऊन कंट्रोल ग्रुपचा परिच्छेद शोधा आणि तो मराठीत, आपल्या आजीला समजेल असा, वहीत लिहून काढा. लिहिता आला तर पेपर तुमच्या कामाचा आहे. आणि तो परिच्छेद पेपरमध्ये सापडलाच नाही, तर तेही वहीत लिहा. कदाचित तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सुरू होत असेल.